घुमट आरत्यांची माझी साइट काकांच्या फोनला वाचता येत नाही, काय करू?

घुमटवाला_फोंडा

मंडळी, गणेश चवथीला अजून दोन महिने आहेत. त्याआधी एक काम उरकायचंय, म्हणून विचारतो.

आमच्या वाड्यावर आजोबांच्या काळापासून घुमट आरतीचं पथक आहे (घुमट म्हणजे मडक्याच्या एका तोंडाला चामडं ताणलेलं आपलं तालवाद्य). आजोबांची एक वही आहे, तीत आरत्या आणि फाग, चंद्रावळी, खाणपदं ही गाणी, सगळं हाताने लिहिलेलं. २०१९ साली सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, तेव्हा मलाही जोर चढला. वर्डप्रेसवर साइट उघडली, वहीची ११२ पानं स्कॅन करून चढवली, दरवर्षीच्या माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळांच्या मांडणीचे, फोटो टाकले, रेकॉर्डिंगं टाकली. पान उघडलं की आपोआप सुवारी, म्हणजे घुमटांचं वादन, वाजते, याचा तर मला फारच अभिमान होता.

माझे काका, वय ७१, पथकात शामेळ, म्हणजे घुमटासोबतचं तालवाद्य, वाजवायचे. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची नजर गेली. भाचीने त्यांना फोनवरचं टॉकबॅक, म्हणजे बोटाखालचं सगळं वाचून दाखवणारी सोय, शिकवलं. आता बोट सरकवत सरकवत बातम्या ऐकतात, व्हॉट्सॲप ऐकतात, निरोपही पाठवतात. गेल्या रविवारी मी मोठ्या हौसेने त्यांना माझी साइट उघडून दिली. सुवारी सुरू झाली आणि तिच्याखाली दबलेला फोन पुटपुटायला लागला, 'इमेज. इमेज. स्कॅन झिरो झिरो फोर. इमेज.' काकांनी पाचेक मिनिटं नेटाने बोट फिरवलं. मग फोन मांडीवर ठेवून म्हणाले, 'अरे, तुज्या साइटीर घुमट वाजता, पूण मनीस उलयना.' (घुमट वाजतं, पण माणूस बोलत नाही.)

झोप लागली नाही त्या रात्री. नेटवर शोधलं तर डब्ल्यूसीएजी नावाचं, साइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेल्या नियमांचं प्रकरण सापडलं. ए, डबल ए, ट्रिपल ए, शिवाय २.०, २.१, २.२. मी धंद्याने इलेक्ट्रिशियन. वायरिंगची आकृती द्या, डोळे मिटून वाचतो, पण हे वाचून डोकं गरगरलं. ११२ पानं टाइप करायची का? फोटोंना काय लिहायचं? सुरुवात नेमकी कुठून करू?

साइटचा पत्ता माझ्या प्रोफाइलवर आहे. बघून शिव्या दिल्यात तरी चालेल.

---

झटपट_पर्वरी

एवढं कशाला डोकं खपवता? तयार विजेट मिळतात. एक ओळ पेस्ट करायची, कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह येतं. अक्षर मोठं, रंग उलटा, सगळी बटणं त्यात. दहा मिनिटांचं काम.

---

मडगांवची_बाय

झटपटभाऊ, रागावू नका, पण ते व्हीलचेअरचं चिन्ह दिसलं की (म्हणजे ऐकू आलं की) मी पहिल्यांदा ते बंद कुठे करायचं ते शोधते. मला अक्षर मोठं करून काय उपयोग? मला दिसतच नाही. आणि ज्यांना अंधुक दिसतं त्यांनी आपापल्या फोनवर, ब्राउझरवर अक्षर आधीच मोठं करून ठेवलेलं असतं. ते फक्त तुमच्या साइटवर आल्यावर अक्षर मोठं करतील, असं थोडंच आहे? ज्या फोटोला वर्णन नाही त्याला ते विजेट आजोबांच्या वहीतला मजकूर कुठून आणून देणार?

घुमटवाले भाऊ, मी सतराव्या वर्षापासून अंध आहे. हापिसात कॉम्प्युटरवर एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरते, फोनवर टॉकबॅक. काल रात्री जेवणं झाल्यावर तुमची साइट उघडून बसले. काय काय झालं ते क्रमाने सांगते.

पहिलं, ती सुवारी. वाजवता सुंदर, त्याबद्दल वाद नाही. पण मी पान कानाने बघते. माझ्या कानात एनव्हीडीए बोलत असतं, त्याच्यावर तुमची चार घुमटं कोसळली. ती थांबवायचं बटण पानाच्या अगदी तळाशी आहे, आणि ते शोधायचं तर एनव्हीडीए ऐकू यायला हवं. ऐकू यायचं तर सुवारी थांबायला हवी. शेवटी हेडफोन काढून अंदाजाने खाली गेले. तुम्ही वाचलेल्या त्या डब्ल्यूसीएजीत याला सरळ नियम आहे, तोही सगळ्यांत खालच्या म्हणजे ए पातळीचा: आपोआप वाजणारा आवाज ३ सेकंदांच्या वर चालत असेल, तर तो थांबवायची किंवा वेगळा हळू करायची सोय हवी. तुम्ही नियमात शिरूच नका. आपोआप वाजवणं बंद करा आणि वरच 'सुवारी ऐका' असं बटण द्या. ज्याला ऐकायचीय तो दाबेल. मी तर नक्की दाबेन.

दुसरं, आवाज. तुमच्या पानाची भाषा आत 'इंग्रजी' अशी नोंदलेली आहे. त्यामुळे माझं यंत्र मराठी मजकूर इंग्रजी आवाजाला वाचायला देतं, आणि त्या बिचाऱ्याला देवनागरी येत नाही. कधी गप्प बसतो, कधी भलतंच काही बोलतो. काकांच्या फोनवर हिंदी आवाज असेल तर आणखी गंमत. हिंदी आवाज मराठी वाचतो तेव्हा 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च त्याला सारखेच. अर्थ लागतो, पण परक्या माणसाने आपलं पत्र वाचून दाखवावं तसं वाटतं. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये जनरलमध्ये साइटची भाषा मराठी करा. एका मिनिटाचं काम आहे. तुमच्या सगळ्या साइटवर याहून स्वस्त आणि याहून मोठी दुरुस्ती दुसरी नाही.

तिसरं, मथळे. तुम्ही 'आरत्या', 'चंद्रावळी', 'फाग' हे शब्द नुसते ठळक आणि मोठे केलेत. डोळ्यांना तो मथळा, मला ती साधी ओळ. मी नव्या पानावर गेले की आधी एच दाबते. एच दाबला की यंत्र एका मथळ्यावरून पुढच्यावर उडी मारतं, तुम्ही पानावरून नजर फिरवता तसंच. तुमच्या पानावर एच दाबला तर म्हणालं, पुढे मथळा नाही. म्हणजे चंद्रावळीपर्यंत पोचायला मला ४० इमेज ओलांडायच्या. एडिटरमध्ये त्या ओळीला 'हेडिंग' करा आणि पातळी २ द्या, झालं. काकांनाही टॉकबॅकमध्ये मथळ्यामथळ्याने जायची सोय आहे, भाचीला विचारा.

आता फोटो. माटोळीच्या फोटोला मला ऐकू आलं, 'आयएमजी २०२२०८३१'. आल्ट टेक्स्ट म्हणून चित्राचं वर्णन लिहायचा जो रकाना असतो, त्यात वर्णनाऐवजी फाइलचं नावच पडलंय. त्यात 'माटोळी' एवढंच लिहिलंत तरी उपकार होतील, पण मला काय हवंय ते सांगू? तुम्ही मला फोनवर सांगताय असं समजा. 'आमच्या देवघरातली माटोळी. मधोमध नारळाची पेंड, दोन्ही बाजूंना सुपारीचे घोस, मध्ये तोरिंगं, कवंडळं, आंबाडे. उजव्या कोपऱ्यातला चिबूड एवढा जड की दोरी वाकलीय.' बस. 'हा एक फोटो आहे' असं लिहू नका, ते माझं यंत्रच सांगतं. आणि दोन परिच्छेदांच्या मध्ये तुम्ही जे आंब्याच्या पानांचं तोरण टाकलंय, त्याला काहीच लिहू नका. शोभेच्या चित्राचं आल्ट मुद्दाम रिकामं सोडायचं, म्हणजे यंत्र ते गुपचूप ओलांडतं. तुमच्या पानावर ते तोरण ९ वेळा आहे. नऊ वेळा मला 'तोरण बॉर्डर फायनल २' ऐकायला लागलं!

राहिली वही. ११२ पानं टाइप करायची का, असं विचारलंत. मला सांगा, काकांना आरत्या पाठ आहेत ना? मग वहीकडे कशाला बघता? फोनच्या कीबोर्डवर मराठी निवडा, माइक दाबा आणि काकांना म्हणायला सांगा. गाऊ देऊ नका हां, नुसतं म्हणू दे, गाण्यात तो गोंधळतो. ते बोलतील तसं उमटेल, तुम्ही वहीशी ताडून दुरुस्त करा. स्कॅन काढू नका, आजोबांचं अक्षर आहे ते. त्याखाली मजकूर द्या.

जास्त बोलले असेन तर माफ करा. पण घुमट आरतीची साइट आणि मलाच ती वाचता येत नाही, याने जरा लागलं. आमच्या घरी माझे वडील आरतीला कांसाळं, म्हणजे झांजा, वाजवायचे.

---

पेडण्याचा_कोडर

बायने मुद्द्याचं सगळं सांगितलंच आहे. मी फक्त खिळे ठोकतो.

१. ऑटोप्ले: क्रोम हल्ली आवाजाचा ऑटोप्ले बऱ्याचदा स्वतःच अडवतो, पण साइटवर आधी कुठे टॅप केलं असेल तर सोडतो. म्हणून तुमच्या फोनवर कधी वाजतं, कधी नाही. त्याच्या भरवशावर राहू नका, ब्लॉकच्या सेटिंगमध्येच बंद करा.

२. आल्ट टेक्स्ट मीडिया लायब्ररीत भराल आणि फसाल. आधीच पानात घातलेल्या फोटोंना ते आपोआप लागत नाही. प्रत्येक पानावर जाऊन त्या त्या फोटोच्या ब्लॉकमध्ये भरावं लागतं. मी स्वतः एकदा अख्खा शनिवार असा घालवलाय.

३. तुमच्या साइटवर 'माहिती' पानावर दोन आरत्या टाइप केलेल्या आहेत. त्या जुन्या डीटीपीच्या फॉन्टातल्या आहेत, बरोबर? स्क्रीनवर मराठी दिसतं, पण कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकलं तर इंग्रजी अक्षरं आणि कंस यांचा चिवडा निघतो. काकांचा फोन तोच चिवडा वाचतो, म्हणून कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा.

४. रंग. पांढऱ्यावर भगवी अक्षरं. शास्त्रापुरता भगवा ठीक आहे, पण वाचायला नाही. एफएफ९९३३ या कोडाचा भगवा पांढऱ्यावर ठेवला तर काँट्रास्ट निघतो २.१ च्या आसपास, आणि साध्या मजकुराला किमान ४.५ लागतो. मोठ्या अक्षरांच्या मथळ्यांना ३ चालतो, म्हणजे तिथेही तुम्ही नापास. काळपट तांबडा घ्या, कोड ८०००००. तो ११ च्या जवळ जातो आणि आरत्यांच्या साइटला शोभतोही. भगवा मागच्या पट्टीला ठेवा आणि त्यावर काळी अक्षरं.

५. माउस बाजूला ठेवा आणि नुसत्या टॅबने साइट फिरा. तुमच्या थीमने टॅब कुठे आहे ते दाखवणारी चौकट काढून टाकलीय, सुंदर दिसावं म्हणून. ज्याचा हात थरथरतो, ज्याला माउस धरता येत नाही, तो टॅबवरच चालतो. चौकट गेली की अंधाऱ्या खोलीत स्विच चाचपडण्यासारखं. तुम्ही इलेक्ट्रिशियन, तुम्हाला वेगळं काय सांगू?

आणि एक देवनागरीचं, जे इंग्रजी साइटींवर कोणी सांगत नाही: अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. लिंकखालची रेघ उकारांना कापते, ती सीएसएसमधून थोडी खाली सरकवा. दोन ओळींत अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, मी १.८ ठेवतो. ज्यांना अंधुक दिसतं त्यांना 'कु' आणि 'कृ' यांतला फरक तिथेच कळतो.

कायद्याचं कोणी विचारलं तर: २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानलाय. तुमच्या घरगुती साइटवर कोणी पोलीस येणार नाही, निश्चिंत राहा.

---

म्हापशाचा_बापूय

माझा प्रश्न उलट बाजूने. माझी मुलगी ११ वर्षांची, जन्मापासून ऐकू येत नाही. तुमच्या साइटवर आरतीचे तीन व्हिडिओ आहेत. तिने पाहिले, माणसं तोंडं हलवतात आणि मडकी बडवतात. यूट्यूबची आपोआप येणारी सबटायटलं लावली तर आरतीच्या जागी भलतेच शब्द आले. तिला वाटलं, हेच गातात. दोन दिवस हसत होती.

शब्द तुम्ही लिहिणारच आहात, तेच व्हिडिओखाली सबटायटल म्हणून टाका. पण नुसते शब्द नकोत. 'शामेळ सुरू', 'सगळी घुमटं एकदम थांबतात', 'लय वाढली' असंही लिहा. तिला तेच तर कळत नाही.

शेजारच्यांकडे चवथीला आरती असते तेव्हा ही वाजवणाऱ्याच्या डाव्या बाजूला बसते. घुमटाचं जे लहान तोंड उघडं असतं ना, तळव्याने झाकतात-उघडतात ते, त्याच्यासमोर हात धरते. प्रत्येक थापेला हवेचा धक्का बसतो. कधी थांबलं, कधी जोर आला, हे तिला तिथून कळतं. व्हिडिओत ते नाही, म्हणून लिहा म्हटलं.

---

घुमटवाला_फोंडा

देव बरें करूं तुम्हां सगळ्यांना. तीन आठवडे झाले, हिशेब देतो.

भाषा मराठी केली, ऑटोप्ले काढलं, मथळे केले, तोरणांची आल्टं रिकामी केली. एवढं एका संध्याकाळी झालं. रंग बदलला. बायको म्हणाली, आधीपासून हाच का नाही ठेवला. चौकट परत आणायला कोडरभाऊंनी निरोपात दिलेल्या दोन ओळी चिकटवल्या.

जुना फॉन्ट बरोबर ओळखलात. २००४ साली पथकाची पुस्तिका छापली होती, तीच फाइल. कन्व्हर्टरमधून काढली, पण रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसले आणि 'दुसऱ्या'चं प्रत्येक ठिकाणी 'दुसर्या' झालं. हाताने नीट केलं.

खरी गोष्ट वहीची. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर काका आणि मी बसतो. फोन मध्ये. काका एकेक ओळ म्हणतात. पहिले दोन दिवस त्यांना गायल्याशिवाय ओळ आठवेचना! चाल काढली की शब्द येतात, चाल थांबवली की अडतात. मग आधी मनात गुणगुणायचं आणि मग कोरडं म्हणायचं, असं जमवलं. फोन 'सुवारी'ला हट्टाने 'सवारी' लिहितो. तरी वीस आरत्या झाल्या. चवथीला आमच्याकडे ज्या म्हणतात त्या सगळ्या यात आल्या, बाकीचं सावकाश.

सातव्या आरतीला भांडण झालं. काका म्हणतात 'शरण', वहीत स्पष्ट 'चरण'. मी म्हटलं, आजोबांनी लिहिलंय. काका म्हणाले, आजोबांनी लिहिलं, पण गायचे 'शरण', मी त्यांच्या शेजारी बसून शामेळ वाजवलाय. आता स्कॅनखाली दोन्ही दिलेत, कोण काय म्हणायचं ते लिहून.

परवा काकांनी साइट स्वतः उघडली. मथळ्यांवरून उड्या मारत चंद्रावळीला गेले. फोनचा मराठी आवाज तो, बाईचा, सपाट, बातम्या वाचल्यासारखा आरती वाचत होता. काका दोन ओळी ऐकून घेत आणि तिसरी स्वतः गात. मध्येच थांबून म्हणाले, हिला सांग, ठेका चुकला.

बापूय, व्हिडिओंची सबटायटलं एकाचीच झालीत, बाकी दोन चवथीपूर्वी करतो. मुलीला घेऊन या. डाव्या बाजूची जागा राखून ठेवतो.

एक शंका: साइटवर काकांची दोन वाक्यं मी कोकणीत तशीच ठेवलीत. त्यांना भाषा वेगळी नोंदवायची का?

---

पेडण्याचा_कोडर

हो. त्या वाक्यांपुरती कोकणी नोंदवा. मराठीला एमआर तसं कोकणीला केओके. ऐकणाऱ्याकडे कोकणी आवाज असेल तर तो लागेल, नसेल तर त्याच्या यंत्रात जो आवाज असेल तो वाचेल. नुकसान काही नाही.

---

मडगांवची_बाय

आज जेवणाच्या सुट्टीत पुन्हा फिरून आले. 'सुवारी ऐका' हे बटण दाबून सुवारी दोनदा ऐकली, शेजारच्या टेबलावरच्यांनीही ऐकली. चिबुडाची दोरी वाकलीय हे तुम्ही माझंच वाक्य उचललंत, ते चालेल, पण २०२३ च्या माटोळीलाही तेच चिकटवलंय. तेव्हाही चिबूड उजवीकडेच होता का?

आणि रेकॉर्डिंगांच्या पानावर सहा लिंका आहेत, सहाही 'इथे क्लिक करा' म्हणतात. मी लिंकांची यादी काढून ऐकते तेव्हा मला सहा वेळा तेवढंच ऐकू येतं. आरतीचं नाव द्या त्यांना.

काकांना विचारा, 'शरण' म्हणताना कांसाळं कुठे पडतं. बाबा 'श'वर घ्यायचे, असं मला आठवतंय.